कलम नऊला कोण उभं आहे?

त्या मंगळवारी सकाळी आईने मला तिचा नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी माझं नेहमीचं उत्तर दिलं. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होती. ओट्यावर समितीचा मसुदा होता, त्यावर चहाचा कप, आणि कपाचं ओलं वर्तुळ नेमकं कलम नऊभोवती उमटलं होतं.

"माझं बरोबर आहे ना गं?"

"मला काय विचारतेस? मी फक्त लिहून घेते."

"बारा वर्षं लिहून घेतेयस. एखाद्या दिवशी वाचूनही बघ."

"वाचते की. दोनदा वाचते. स्वल्पविरामासकट."

"स्वल्पविरामाचं मत नव्हतं विचारलं मी," ती म्हणाली आणि पट्टा करकचून ओढला.

आई संसदेची सदस्य होती, तिसऱ्या खेपेची. दरवर्षी जगभरचे देश हवामानाच्या परिषदेला जमतात. तिथे आपल्या शिष्टमंडळाने काय बोलायचं, कशावर सही करायची आणि कशावर नाही, याचं आदेशपत्र ज्या समितीत तयार होतं, त्या समितीवर ती होती. आणि त्याच समितीत मी प्रतिवेदक होते, म्हणजे बैठकीत बोलला गेलेला शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवून घेणारी. नोकरीला लागताना मी लेखी कळवलं होतं की एक सदस्य माझी आई आहे. कार्यालयाचं उत्तर आलं होतं: हरकत नाही, त्या खोलीत तुमचं कुणी नाही एवढं लक्षात ठेवा. मी ते जरा जास्तच लक्षात ठेवलं. कोपऱ्यापर्यंत आम्ही बरोबर चालत जायचो, मग ती सदस्यांच्या दाराने आत जायची आणि मी कर्मचाऱ्यांच्या. आत गेल्यावर ती माझ्या कागदावर 'सन्माननीय सदस्या' असायची. तोंडी ती माझी कुणीच नसायची.

बाकी सगळे तिला सिस्टर म्हणत. निवडून येण्याआधी ती नर्स होती, आणि समितीत कुणी खोकलं तरी चष्म्यावरून त्याच्याकडे बघायची सवय तिची गेली नव्हती.

आमच्या समितीची एक जुनी रीत आहे. मसुद्यातल्या ज्या कलमावर एकमत नसतं ते कंसात ठेवतात. त्याची पाच वाचनं होतात. दरवेळी सचिव विचारतात, "याला कोण उभं आहे?" आणि ज्या सदस्याचं ते कलम आहे त्याने खुर्चीतून उठायचं आणि वाचून होईपर्यंत उभं राहायचं. उभं कुणी असलं तर कलम टिकतं. नसलं तर सचिव त्यावर रेघ मारतात. पाचही वाचनं टिकलेलं कलम पूर्ण सभागृहासमोर उघड मतदानाला जातं. आपलं कलम दुसऱ्या सदस्याच्या हवाली करता येतं, पण ते बैठकीत बोलून दाखवावं लागतं आणि नोंदीत यावं लागतं. ही रीत कुणी पाडली ठाऊक नाही. उगाच कंस घालून डुलक्या काढणाऱ्यांना वैतागून कुणीतरी पाडली असणार.

कलम नऊ आईचं होतं. 'समुद्र वाढल्यामुळे किंवा समुद्र अडवण्याच्या कामामुळे ज्यांना घर सोडावे लागेल, त्यांना आधी विचारले जाईल. नाही म्हणण्याचा आणि न्यायालयात जाण्याचा त्यांचा हक्क अबाधित राहील. हे मान्य नसलेल्या कोणत्याही करारावर शिष्टमंडळ सही करणार नाही.' एवढंच. यात वाद घालण्यासारखं काय आहे असं वाटेल. पण मदत देणाऱ्या देशांना न्यायालयाचा उल्लेख नको होता, सरकारला समुद्र अडवणाऱ्या भिंतीसाठी मदत याच वर्षी हवी होती, आणि उघड मतदानात हात वर करून 'माणसांना विचारू नका' म्हणायची छाती कुणाचीच नव्हती. म्हणून ते कलम समितीतच गळावं, आवाज न करता गळावं, अशी बऱ्याच जणांची इच्छा होती.

आईची जिद्द कुठून आली होती ते मला माहीत होतं. मी सात वर्षांची असताना आमची किनाऱ्यावरची वस्ती हलवली. पाणी दारात आलं होतं हे खरं. पण एका सकाळी ट्रक आले आणि दुपारपर्यंत वस्ती रिकामी झाली, हेही खरं. आई तिथल्या दवाखान्यात नर्स होती. तिच्यापुढे एक यादी ठेवली आणि प्रत्येक नावापुढे 'प्रवासास योग्य' लिहून सही मागितली. आमच्या शेजारचे आजोबा खाटेवरून उठेनात. त्यांना खाटेसकट उचलून ट्रकवर चढवलं. त्यांच्या नावापुढेही आईची सही आहे. नव्या जागी ते आठ दिवस जगले. आईने हे मला एकदाच सांगितलं, तेही भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करून. मला त्या दिवसातलं एवढंच आठवतं की ट्रकमध्ये बसायला मिळालं म्हणून मी खूश होते.

तर त्या मंगळवारी चौथं वाचन होतं. अध्यक्षांना आम्ही सगळे मागे घड्याळबुवा म्हणायचो. पाचच्या ठोक्याला ते उठत. त्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला की माइकवाला बटणं खाली करायचा, सदस्य पिशव्या उचलायचे आणि आम्ही प्रतिवेदक पेन्सिली खाली ठेवायचो. बारा वर्षांत माझा हात त्या आवाजाला इतका सरावला होता की पेन्सिल कधी ठेवली ते मलाही कळायचं नाही.

"सिस्टर, गुडघा काय म्हणतोय?" अध्यक्षांनी विचारलं.

"उभं राहण्यापुरता आहे अजून."

"बसून बोललात तरी चालेल हो. एवढी माणुसकी आहे आमच्यात."

"माणुसकी कलमात घाला, साहेब. मी आनंदाने बसते."

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. "भिंतीसाठी मदत यंदा मिळतेय. ही अट ठेवली तर मिळणार नाही. आधी भिंत होऊ दे, हक्कांचं पुढच्या वर्षी बघू. पाणी काही तुमच्या न्यायालयाची तारीख बघून वाढत नाही."

"पाण्याला कळत नाही, साहेब. आपल्याला कळतं. एवढाच काय तो फरक, तोही पुसून टाकायचा म्हणता?"

समोरच्या बाकावरून जाळेवाले उठले. त्यांचा पक्ष वेगळा, आवाज दांडगा. राजकारणात येण्याआधी ते मासेमारीची जाळी विणून विकायचे, त्यावरून हे नाव. गेली सहा वर्षं ते आईशी प्रत्येक मुद्द्यावर भांडत आले होते. पण आता भिंतीचा जो आराखडा आला होता त्यात भिंत त्यांच्याच मतदारसंघातल्या वस्तीवरून जात होती.

"माझं सिस्टरांशी कधीच जमलेलं नाही, हे नोंदीत घ्या," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तरी सांगतो. माझ्याकडची माणसं हलायला तयारही होतील. पण विचारलं तर. न विचारता हलवलीत तर आधी मला हलवावं लागेल, आणि माझं वजन तुम्ही बघताच आहात."

पाच वाजले. खुर्ची सरकली. अध्यक्ष उठले, बटणं खाली गेली. आईने तोंड उघडलेलं मी पाहिलं. हे मला नीट आठवतं, कारण माझ्या मनात आलं होतं, झालं, आता हिचं सुरू. पेन्सिल माझ्या बोटांत होती. मी ती खाली ठेवली.

"एक राहिलं," आई म्हणाली. "पाचव्या वाचनाला मी नसले तर कलम नऊला जाळेवाले उभे राहतील. मी ते त्यांच्या हवाली करते."

"का, कुठे निघालात?" जाळेवाले म्हणाले.

"गुडघ्याचं ऑपरेशन मागे लागलंय. आणि तुम्ही भांडता, पण निदान बैठकीत झोपत नाही."

सगळे हसले. मग अध्यक्ष म्हणाले, "बैठक संपली," आणि गेले.

बसथांब्यावर आईने विचारलं, "शेवटचं घेतलंस ना?"

"अध्यक्ष उठले होते."

"उठले होते, संपली म्हणाले नव्हते."

"आई, अध्यक्ष उठले की आम्ही थांबतो. सगळेच थांबतात."

"बरं. मग उद्या शुद्धिपत्र करून टाक. मी सही करते."

"उद्या बघू," मी म्हणाले. मला घरी जायचं होतं. पाय दुखत होते, आणि दिवसभर तिचंच बोलणं लिहून परत थांब्यावर तेच ऐकायचा मला कंटाळा आला होता. बस आली. तिला बसायला जागा मिळाली, मला नाही. तिने माझी पिशवी मांडीवर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालायला वाकली आणि उठली नाही.

पुढचे दहा दिवस मी इथे लिहीत नाही.

दादा आला होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, दुसऱ्या शहरात शिक्षक. आम्ही दोघांनी तिचं कपाट आवरलं. चष्मे पाच निघाले, त्यातले तीन तिने हरवले म्हणून आम्हाला शोधायला लावले होते. अकराव्या दिवशी पाचव्या वाचनाची कार्यसूची आली. कलम नऊपुढे छापलं होतं: 'सदस्य दिवंगत. कोणी उभे नसल्यास वगळावे.' मी तो कागद दादाला दाखवला आणि मंगळवारी काय झालं ते सांगितलं. पेन्सिलीचंही सांगितलं.

तो बराच वेळ चष्म्यांच्या काड्या मिटत उघडत बसला.

"सोड," तो म्हणाला. "तिने जन्मभर सगळ्यांशी उभा दावा मांडला. तू नको मांडूस. तुझी नोकरी आहे."

"चूक माझी आहे."

"लोक म्हणतील, आई गेल्यावर मुलीने तिच्या तोंडी शब्द घातले. तिचीच शोभा होईल."

"तुला तो ट्रक आठवतो?"

"मला? मी तोंड लपवून रडत होतो. तू हसत होतीस," दादा म्हणाला. आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, "अगं, सात वर्षांची होतीस."

दुपारी जाळेवाले भेटायला आले. दारातल्या खुर्चीत ते मावेनात, म्हणून पलंगाच्या कडेवर बसले. आईबद्दल दोन शब्द बोलले, पाणी प्यायले, मग सरळ मुद्द्यावर आले.

"ताई, परवा वाचन आहे. मी उभा राहणार. पण मी उठलो की घड्याळबुवा म्हणणार, कागद दाखवा. तेवढी त्या दिवशीची नोंद काढून ठेवा. सिस्टर बोलल्या ते तुमच्या पेन्सिलीत असेलच."

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"मी लिहिलं नाही. पेन्सिल खाली ठेवली होती."

त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "मग बारा वर्षं तिथे बसून करता काय हो तुम्ही? आम्ही खोकलेलोसुद्धा लिहिता, आणि आईचं शेवटचं वाक्य..." ते मध्येच थांबले. हातातला पेला त्यांनी फार जपून खाली ठेवला. "माफ करा. माझी जीभ म्हणजे माझी जीभ आहे."

"तुम्ही चूक काही बोलला नाहीत."

"माझ्याकडची पोरंबाळं धरून सगळी वस्ती त्या एका वाक्यावर आहे, ताई. म्हणून तोंडातून गेलं." उठताना ते म्हणाले, "नऊ जण होतो आम्ही त्या खोलीत. नऊच्या नऊ जणांनी ऐकलंय. सचिवांनीही. आता विचारून बघा. सगळ्यांचे कान एकदम बंद."

मी दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाले आणि आधी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्य प्रतिवेदक. त्यांच्या निवृत्तीला सहा महिने होते आणि टेबलावर नियमांचं पुस्तक होतं, ज्याचा उपयोग त्या एरवी खिडकीला अडसर म्हणून करत. मी सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक काढलं, धूळ झटकली, पान शोधलं.

"हे बघ. 'अध्यक्ष बैठक संपल्याचे जाहीर करेपर्यंत नोंद चालू राहील.' जाहीर करेपर्यंत. उठेपर्यंत नाही. म्हणजे आपण सगळ्याच इतकी वर्षं चुकत आलोय. मीच तुला शिकवलं होतं ना, खुर्ची वाजली की पेन्सिल खाली?"

"हो."

"शुद्धिपत्र करता येतं. पण वाच पुढे." त्यांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं. चुकलेल्या प्रतिवेदकाने स्वतः बैठकीत उभं राहून ते वाचायचं. मग अध्यक्षांनी त्या दिवशी हजर असलेल्यांना विचारायचं की हे बोललं गेलं नाही असं कुणाचं म्हणणं आहे का. ज्याचं असेल त्याने नावानिशी तसं सांगायचं. एकाने जरी सांगितलं तरी शुद्धिपत्र रद्द, आणि खोटी नोंद केल्याबद्दल चौकशी. कुणीच सांगितलं नाही तर शुद्धिपत्र कायम, मात्र हलगर्जीबद्दल प्रतिवेदकाचं नाव त्या समितीच्या यादीतून त्याच क्षणी कमी.

"दोन्हीकडून तुझीच मान," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी इथे आल्यापासून एकाही बाईने हे केलेलं नाही. चुका काय कमी झाल्या असतील? सगळ्यांनी गुपचूप दाबल्या. आणि तू तिची मुलगी. त्यातला एक जरी उठून म्हणाला की, नाही बुवा, मी नाही ऐकलं, तरी तुझं नाव मातीत आणि तिचंही."

"मला फॉर्म द्या, बाई."

"अगं, रडत तरी जा ना कुठे कोपऱ्यात. असं कोरड्या डोळ्यांनी काय मागतेस?" असं म्हणत त्यांनी खणातून फॉर्म काढला. तो इतका जुना होता की घडीवर फाटला. त्यांनी मागून चिकटपट्टी लावून दिली.

बातमी माझ्याआधी पोचली असावी. वाचनाच्या दिवशी अडीच वाजता अध्यक्षांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं, जे त्यांनी बारा वर्षांत कधी केलं नव्हतं.

"तुमच्या आईंबद्दल मला आदर होता. तुमचा विश्वास बसणार नाही, पण होता." ते मनगटावरचं घड्याळ फिरवत होते. "मी असं ठरवलंय की आदेशपत्राच्या प्रस्तावनेत त्यांचं नाव घालायचं. त्यांच्या स्मृतीला अर्पण. जगभरच्या प्रतिनिधींच्या हातात ते जाईल. आजवर असं कुणासाठी झालेलं नाही."

मी ऐकत होते. ऐकणं माझं कामच आहे.

"आता एका कलमावरून खोलीत वाद, सह्या, चौकश्या... त्यांना आवडलं असतं का? शांतपणे होऊन जाऊ दे. तुमचंही दुःख ताजं आहे. अशा वेळी माणसाला काहीबाही ऐकल्यासारखं वाटतं."

माझ्या जिभेवर आलं होतं की तिला आवडलंच असतं, वादच तर तिला आवडायचा. तिला नाव नको होतं, ते वाक्य हवं होतं. तिच्या नावाच्या कितीतरी सह्या त्या जुन्या यादीवर आहेत आणि त्यांचं ओझं ती मरेपर्यंत वाहत होती. पण प्रतिवेदकाला मत नसतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"साहेब, तीनला पाच कमी आहेत. मला जागेवर जायला हवं," मी म्हणाले.

प्रतिवेदक नेहमी जोडीने बसतात, दहा दहा मिनिटांची पाळी. माझी जोडीदार माझ्याच वयाची, बाहेर अखंड बोलणारी, आत तोंडाला कुलूप. मी बसले तसं तिने टेबलाखालून माझा हात एकदा दाबला आणि सोडला. समोर आईची खुर्ची होती. कुणीतरी ती टेबलात पूर्ण आत सरकवून ठेवली होती. खोलीत खुर्च्या अशा आत सरकवत नाहीत, कारण मग जायला यायला जागा जास्त होते आणि माणसं रेंगाळतात, असं आईच म्हणायची. आज रेंगाळायला कुणी तयार नव्हतं. सगळे कागदात डोकं घालून बसले होते.

एक ते आठ कलमं वीस मिनिटांत झाली. जोडीदाराची पाळी सुरू झाली तेव्हा सचिव नवव्यावर आले.

"कलम नऊ. कंसात. याला कोण उभं आहे?"

जाळेवाले उठले. "मी."

"सन्माननीय सदस्यांच्या नावे नोंद नाही," अध्यक्ष म्हणाले. "बसून घ्या. सचिव, रेघ."

सचिवांनी पट्टी कागदावर ठेवली. ते नेहमी पट्टी ठेवूनच रेघ मारत.

मी उभी राहिले. त्या खोलीत बैठक चालू असताना मी जागेवरून कधीच उठले नव्हते, त्यामुळे छत जवळ आल्यासारखं वाटलं. "शुद्धिपत्र," मी म्हणाले. माझा आवाज त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता. दोघा तिघांनी दाराकडे पाहिलं, बाहेरून कुणी आलंय की काय म्हणून.

"हे काय चाललंय?" अध्यक्ष म्हणाले. "खाली बसा."

"नियमाप्रमाणे मला वाचू द्यावं लागेल, साहेब." आणि त्यांनी हो म्हणायची वाट न बघता मी वाचलं. "मंगळवारच्या बैठकीत, अध्यक्ष उठल्यानंतर पण बैठक संपल्याचे त्यांनी जाहीर करण्यापूर्वी, सन्माननीय सदस्या म्हणाल्या: 'पाचव्या वाचनाला मी नसले तर कलम नऊला जाळेवाले उभे राहतील. मी ते त्यांच्या हवाली करते.' हे मी ऐकले. माझी पाळी होती. मी पेन्सिल खाली ठेवली होती. त्या बोलणार आहेत हे मला दिसले होते, तरी ठेवली. चूक माझी आहे."

शेवटचं वाक्य फॉर्मवर नव्हतं. ते मी तिथेच घातलं.

सचिवांनी पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि नियमांचं पुस्तक अध्यक्षांपुढे उघडून धरलं. पान आधीच शोधून ठेवलेलं होतं. मोठ्या बाईंच्या खिडकीचा अडसर आज त्यांच्याकडे कसा आला ते मी विचारलं नाही.

अध्यक्षांना तो प्रश्न वाचावाच लागला. "त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी हे बोललं गेलं नाही असं कुणाचं म्हणणं असेल तर त्याने नावानिशी सांगावं."

कुणी बोललं नाही.

इतके दिवस याच गप्प बसण्याने ते कलम मरणार होतं. आता ते टिकायला तेवढंच पुरे होतं. खोटं बोलायचं तर उठून, स्वतःच्या नावाने बोलायचं होतं, आणि तेवढे कष्ट घ्यायची कुणाची तयारी नव्हती. पहिल्या रांगेतल्या एका सदस्याने घसा खाकरला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमाल परत ठेवला. जाळेवाले उभेच होते आणि एकेकाच्या चेहऱ्याकडे सावकाश बघत होते.

"अध्यक्षसाहेब," ते म्हणाले, "तुम्हीही हजर होतात त्या दिवशी. तुमचं काही म्हणणं?"

अध्यक्षांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला अजून बराच वेळ होता. "नाही," ते म्हणाले. मग सचिवांकडे वळून, "शुद्धिपत्र कायम. सचिव, पुढे चला."

"कलम नऊला कोण उभं आहे?"

"मीच. कधीचा उभा आहे. आणि सावकाश वाचा, मला घाई नाही."

सचिवांनी कलम नऊ वाचलं. पूर्ण वाचलं, एकही शब्द न गिळता. ते वाचून होईपर्यंत जाळेवाले दोन्ही हात टेबलावर टेकून उभे राहिले, आणि मीही उभी होते. मला बसायला सांगायचं कुणाला सुचलं नाही. मग माझं नाव यादीतून कमी केल्याचं सचिवांनी वाचलं. तेही नियमातच होतं.

मी माझ्या पेन्सिली गोळा केल्या. जोडीदार लिहीतच होती, मान वर न करता. मी दाराकडे निघाले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "एक मिनिट."

मी थांबले.

"एवढं केलंत तर एक सांगून जा. हे तुम्ही प्रतिवेदक म्हणून केलंत की मुलगी म्हणून? कारण प्रतिवेदकाला मत नसतं, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे."

त्यांना वाटलं असेल मी खाली मान घालून निघून जाईन. बारा वर्षं तशीच तर गेले होते. दुसऱ्या दाराने.

"चूक प्रतिवेदकाची होती, ती प्रतिवेदक म्हणून सांगितली," मी म्हणाले. "आता माझं नाव यादीत नाही, साहेब. आता मला मत आहे."

माइक चालू होते. जोडीदाराची पेन्सिल थांबली नव्हती. मी आईच्या खुर्चीपाशी गेले, ती टेबलातून बाहेर ओढली, नेहमी असायची तेवढी, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. रोज सकाळी स्टुलावर बसून पट्टा बांधताना ती जे विचारायची त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. ते मला पहिल्या दिवसापासून येत होतं.

"तुझं बरोबर आहे, आई," मी मोठ्याने म्हणाले. "तुझं बरोबर आहे."